मदत हवी आहे: ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बायका आणि तेलुगू-कन्नड शेजारी यावेत म्हणून काय करावं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी जुळे सोलापुरात, विजापूर रोडपासून आत. निम्म्याहून जास्त घरांत आता फक्त नवरा-बायको किंवा दोघांपैकी एकच जण राहतो. मुलं पुण्याला, काहींची हैदराबादला. निवृत्तांची वसाहत अशी पाटी नाही, पण संध्याकाळी खाली चक्कर मारली तर तसंच वाटतं. जिल्हा परिषदेतले, रेल्वेतले, बँकेतले, माझ्यासारखे शाळेतले, शिवाय गिरणीत आणि मागावर आयुष्य काढलेले, सगळे एका आवारात आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा जिन्यात ऐकू येतात.

ज्येष्ठांचा कट्टा सुरू होऊन बराच काळ झाला. क्लब हाऊसच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी साडेपाच ते सात. कॅरम, पत्ते, पेपर, महिन्याला वाढदिवस आणि सत्कार, एकादशीला हरिपाठ. कार्यक्रमांची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. जे येतात ते आनंदात असतात, त्यांचं काही मोडायचं नाही. पण येतात ते ठरावीक पुरुषच. बायका हरिपाठापुरत्या येतात, आणि तेलुगू-कन्नड घरांतून तर जवळपास कुणीच येत नाही. नवरा गेल्यावर एकट्या राहिलेल्या बायकांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्यांच्याशी दिवसभरात दूधवाला आणि फोनवरचा मुलगा एवढेच बोलतात.

शेजारच्या विंगमध्ये एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, आजी आहेत, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, कात्रीने कापलेली पानं, चिमटीत तंबाखू, वळून दोरा बांधायचा, पंचवीस झाल्या की त्यांची जुडी, म्हणजे कट्टा. आता काम सुटलं तरी बोलताना त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहतात. त्या एकदा हरिपाठाला आल्या, दाराजवळ बसल्या, प्रसाद घेऊन गेल्या आणि परत आल्या नाहीत. मी घरी विचारायला गेले तर म्हणाल्या, "मला सगळं कळतंय बाई, पण तुमच्याबरोबर म्हणता येत नाही. नुसतं बसून काय करू?"

मग मी विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात? त्या बतुकम्माबद्दल, तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाबद्दल, सांगायला लागल्या. ताटात फुलांची एकावर एक वर्तुळं रचायची, वर हळदीची गौरम्मा ठेवायची, भोवती बायकांनी फेर धरून वाकत टाळी देत गाणी म्हणायची आणि शेवटी ते पाण्यात सोडायचं. बोलता बोलता उठून उभ्या राहिल्या आणि टाळीचा ठेका धरून दाखवला. गुडघे दुखतात म्हणून कधी खाली न येणारी बाई!

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. आपला हादगा आणि त्यांची बतुकम्मा एकाच सुमाराला येतात. बतुकम्मा सर्वपित्रीला सुरू होते, हादगा हस्त नक्षत्रात, आणि पुष्कळ घरांत तो घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत चालतो. दोन्हींत मध्ये काहीतरी मांडून भोवती फेर, दोन्हींत बायकांचीच गाणी. मग पाटावर हत्ती काढून त्याच्या शेजारी फुलांचं ताट ठेवलं आणि आळीपाळीने गाणी म्हटली तर? खिरापत ओळखायला भाषा लागत नाही. एका घराची शेंगा पोळी, दुसरीकडची हुग्गी. ज्यांना फेर धरवत नाही त्यांच्यासाठी गोल खुर्च्या मांडायच्या आणि बसून टाळ्या द्यायच्या.

इथे मला तुमची मदत हवी आहे. असं दोन भाषांचं काही कुणी केलं आहे का? माझी भीती अशी की आमच्या मराठी बायका गाणी म्हणतील आणि तेलुगू बायका पाहुण्यांसारख्या बघत बसतील. एक दिवस 'त्यांचा' आणि एक दिवस 'आपला' करायचा की एकाच संध्याकाळी दोन्ही? आणि बतुकम्मा देवीची पूजा आहे, तिची मांडणी आणि विसर्जन त्यांच्या रीतीनेच व्हायला हवं. म्हणून पुढाकार अक्कांकडे द्यावा असं मला वाटतं. समितीतल्या काहींचं म्हणणं, सोसायटीचा कार्यक्रम म्हटला की सूत्रं समितीकडेच हवीत. तुम्ही काय कराल?

कन्नड घरांसाठीही असंच काही सुचवा. आपल्या सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांची वचनं (छोट्या भक्तिरचना) कन्नडमध्ये आहेत आणि संक्रांतीला भरणाऱ्या त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत आम्ही सगळेच नंदीध्वजांना नमस्कार करतो, पण आमच्या हॉलमध्ये आजवर एकही वचन कुणी म्हटलेलं नाही. संक्रांतीच्या आधी एखादी संध्याकाळ वचनांची ठेवावी का? अर्थ मराठीत सांगायला कुणी आजोबा तयार होतील, पण कार्यक्रम भाषणाकडे झुकू नये.

दुसरी अडचण वेळेची. साडेपाच ते सात ही पुरुषांची मोकळी वेळ आहे. बायकांचा तेव्हा चहा, देवापुढे दिवा, मग स्वयंपाक. पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येईल त्या दिवशी तर कुणी घर सोडूच शकत नाही. सकाळी अकराची वेळ चालेल असं काही जणी म्हणाल्या. पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की अकरा वाजता समोरच्या विंगमधून चालत येणंही जड जातं. उन्हाळ्यात तुमच्याकडे कट्टा किती वाजता भरतो?

तिसरी गोष्ट ऐकू येण्याची. आमच्याकडचे दोन-तीन मामा जन्मभर यंत्रमागावर होते. त्या खटखटाटाने त्यांचे कान गेले आहेत. हॉलमध्ये फरशी आणि मोकळ्या भिंती, त्यामुळे आवाज घुमतो. माइक लावला की त्यांना आणखीच काही समजत नाही, म्हणून ते येणं सोडतात आणि लोक म्हणतात माणूस तुसडा आहे. तसं मुळीच नाही. त्यांच्यातल्या एकांना चादरीची नक्षी जकार्डवर (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रावर) कशी उतरते ते विचारलं तर एकट्याशी तासभर बोलले. हॉलचा घुमारा कमी करायला स्वस्तातला उपाय आहे का?

नोंदणीचंही बघायचं आहे. रीतसर ज्येष्ठ नागरिक संघ करायचा तर धर्मादाय कार्यालयात नोंदणी, किमान सात सभासद, घटना आणि मग दरवर्षी हिशेब, एवढं माहीत आहे. संघ झाला की फेस्कॉमशी, म्हणजे राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाशी, जोडून घेता येतं, बाहेरचे कार्यक्रम कळतात. पण हिशेब ठेवायला उत्साही माणूस एकच आहे, आणि तेही ऐंशीच्या पुढचे. नुसता सोसायटीचा उपक्रम म्हणून चालवणारे इथे कुणी आहात का? कुठे अडलं?

प्रतिसाद वाचून पुढे लिहिते:

सगळ्यांचे मनापासून आभार. घुमाऱ्यावर 'भिंतींना जाड चादरी टांगा' असं ज्यांनी सुचवलं, त्यांचं अगदी पटलं. सोलापुरात राहून चादरी विकत आणायलाही लागणार नाहीत, प्रत्येकाच्या कपाटात जुन्या पडून आहेत. त्या निवडायला आणि टांगायला मागावरच्या मामांनाच बोलावणार आहे, कुठली चादर कुठल्या काळातली ते त्यांनी सांगावं. आणि माइकऐवजी समोरासमोर चार-पाच जणांचे छोटे गट करणार.

सहलीबद्दल विचारलंत. अक्कलकोट, तुळजापूर आणि नळदुर्गचा किल्ला एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं आहेत. एसटीत पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना 2022 पासून प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि 2023 पासून बायकांना कुठल्याही वयात अर्धं. त्यामुळे पैशाचा प्रश्न फारसा नाही, वयाच्या पुराव्याला आधार कार्ड बरोबर ठेवायचं. अडचण एसटीच्या उंच पायरीची आहे. गुडघेदुखीवाल्या बायकांना कसं चढवता-उतरवता? काही जण लाकडी पायरी बरोबर नेतात असं ऐकलं. कुणी स्वतः नेली असेल तर तिची उंची आणि साधारण खर्च जरूर लिहा, आमच्याकडे सुतार आहेत.

एकट्या पडलेल्यांसाठी कुणीतरी 14567 हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन क्रमांक दिला, तो जिन्यातल्या फलकावर लावला आहे. पण फलक वाचायला माणूस घराबाहेर यायला हवा. दार ठोठावून रोज एकदा 'काय केलं आज जेवायला?' विचारणारी जोडी प्रत्येक विंगमध्ये नेमावी असं मनात आहे. तुमच्याकडे अशी पद्धत असेल तर ती माणसं कशी निवडता, आणि काही घरांना ती ढवळाढवळ वाटते तेव्हा काय करता, हे मला नक्की सांगा.

बतुकम्माचं अक्कांशी बोलले. त्यांनी त्यांच्या तीन मैत्रिणींना विचारलं आहे, त्यातली एक विडी घरकुलातून (विडी कामगारांच्या वसाहतीतून) येईल म्हणाली. फुलं कोण आणणार, एवढंच अजून ठरायचं आहे. तरवडाची फुलं जुळे सोलापूरच्या आसपास कुठे मिळतील, कुणाला माहीत असेल तर लिहा. झेंडू आणि शेवंती मंडईतून आणू.