पिस्तुलावरच्या ‘ऑप्टिक’ला मराठीत काय म्हणावं?

पेठकर भाषांतरकार
नमस्कार मंडळी. एका अमेरिकन शिकाऱ्याचा लेख मराठीत आणायचं काम घेतलंय. हरणाच्या शिकारीला वापरायच्या पिस्तुलावर किंवा रिव्हॉल्वरवर कोणतं ‘ऑप्टिक’ (नेम धरायला हत्यारावर बसवतात ते काचेचं उपकरण) निवडावं आणि ते कसं बसवावं, असा विषय. पहिल्याच पानावर अडलो. मी सरळ ‘दुर्बीण’ लिहिलं, तर संपादकबाईंनी समासात शेरा मारला: ‘याच्या एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात दुर्बीण आहे का?’ त्यांचंही खरंच आहे. आपल्याकडे दुर्बीण म्हणजे सिंहगडावर गळ्यात लटकवलेली, नाहीतर जिच्यातून पित्ताशयाचं ऑपरेशन होतं ती. शिवाय या लेखात ‘रेड डॉट’ (काचेवर नेमासाठी लाल उजेड दाखवणारा) सुद्धा ऑप्टिकमध्येच मोडतो आणि तो काहीच मोठं करून दाखवत नाही. फारसीत ‘दूर’ अधिक ‘बीन’, म्हणजे लांबचं पाहणारी. जी लांबचं जवळ आणतच नाही ती दुर्बीण कशी? दुसरं कोडं ‘आय रिलीफ’चं. यंत्राने ‘नेत्र आराम’ असं भाषांतर दिलं. हसून झालंय, आता मदत करा.

बालेवाडीची ताई
दादा, बालेवाडीच्या रेंजवर इतकी वर्षं पिस्तूल चालवतेय, पण आमच्याकडे याला शब्दच नाही, कारण वस्तूच नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत पिस्तुलाला फक्त उघडी साईट (नेम धरायची बिनकाचेची खूण) चालते. दुर्बीण, आरसा, लेझर, उजेडाचा ठिपका, सगळं बाद. आणि शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली. जुन्या शिकाऱ्यांचे शब्द ‘माशी’पाशी थांबले (माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो छोटा उंचवटा, ज्याच्यावर नेम धरतात).

‘नेत्र आराम’ मात्र आजच्या आज खोडा! आय रिलीफ म्हणजे काचेच्या मागच्या कडेपासून डोळा किती लांब ठेवला की चित्र पूर्ण दिसतं ते अंतर. रायफलच्या दुर्बिणीचं साधारण ८ ते १० सेंटीमीटर असतं. पिस्तूल आपण हात लांब करून धरतो, म्हणजे डोळा सहज ५० सेंटीमीटर मागे. तिथे रायफलची दुर्बीण लावली तर काळ्या गोलाच्या मध्यभागी रुपयाएवढा उजेड दिसेल आणि त्यात हरीण शोधत बसावं लागेल. बरं, चित्र पूर्ण दिसावं म्हणून तोंड जवळ नेलं, तर धक्क्याने काचेची कडा भुवईत घुसते. पिस्तुलाची दुर्बीण मुळात वेगळी घडवलेली असते. मी ‘डोळ्याचं अंतर’ एवढंच लिहीन.

फारसीची हौस
‘दुर्बीण’ची फोड बरोबर. पण पेठकर, या लेखात तुम्हाला ‘शिस्त’ वापरायची संधी आहे, ती सोडू नका! फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, मग तिरंदाजाची अंगठ्यातली अंगठी, मग नेम. उर्दूत आजही ‘शिस्त बाँधना’ म्हणजे नेम धरणे. मराठीत हाच शब्द शाळेच्या रांगेत जाऊन उभा राहिला. आणि गंमत बघा, ‘नेम’ही दुहेरीच आहे. एकादशीचा नेम आणि बंदुकीचा नेम. दोन शब्द दोन घरांतून आले आणि दोघांनाही नियम आणि निशाणा हे दोन्ही अर्थ आहेत.

पेठकर भाषांतरकार
सर, मोह होतोय, पण ‘त्याने शिस्त धरली’ वाचून लोकांना मुख्याध्यापक आठवतील. ‘नेम’च ठेवतो. आणि ‘रेड डॉट’? ‘टिकली’ कसं वाटतं? काचेवर लालभडक टिकलीच तर असते.

पाडव्याची आई
टिकली नको हो! ‘टिकल्यांचं पिस्तूल’ म्हटलं की दिवाळीत पोरं फटफट वाजवतात तेच डोळ्यापुढे येतं. तुमचा शिकारी जंगलात टिकल्या फोडतोय असं वाटेल.

बालेवाडीची ताई
‘लाल ठिपका’ म्हणा. दुर्बिणीतल्या रेटिकलला (नेमाच्या आडव्या-उभ्या रेषांना) ‘फुली’. पण ठिपक्याचा आकार ‘एमओए’त (मिनिट ऑफ अँगल, म्हणजे कोनाचं माप) देतात, तो नुसता लिहून सोडू नका. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटीमीटर. म्हणजे ३ एमओएचा ठिपका ५० मीटरवर सुमारे ४.४ सेंटीमीटर झाकतो, हरणाला पुरे. आणि ठिपक्याला डोळ्याच्या अंतराची कटकट नाही. ज्यांना दृष्टिवैषम्य आहे त्यांना मात्र तो गोल न दिसता शेपूट फुटल्यासारखा दिसतो. मलाच दिसतो, म्हणून सांगतेय.

भोसरीचे लेथवाले काका
बंदूक आपल्याला कळत नाही, पण बसवणं कळतं. ‘माउंट’ला कुणीतरी ‘आरोहण’ सुचवायच्या आत बोलतो. आमच्या वर्कशॉपमध्ये काहीही पक्कं करायचं झालं की खाली असते ती बैठक, नळकांडं धरतात त्या कड्या, आणि स्क्रू आवळायचा. पिस्तुलावरच्या पट्टीला खाचा असतील तर ‘खाचांची पट्टी’ म्हणा, रेल म्हटलं तरी कुणी मारणार नाही.

पुतण्याने फोटो दाखवला, त्यावरून एक विचारतो. आवळताना ती दुर्बीण पुढे दाबून आवळतात का? कारण बस झटक्यात सुटली की उभा माणूस मागे जातो. इथे पिस्तूल झटक्यात मागे येतं, म्हणजे वरचा डबा आहे तिथेच राहू पाहणार, पट्टीच्या हिशेबाने पुढे सरकणार. खाचेत पुढच्या भिंतीला जरा जरी फट राहिली, तर प्रत्येक गोळीला हातोडी बसल्यासारखं होईल आणि स्क्रूचा गळा तुटेल.

पेठकर भाषांतरकार
काका, अगदी हेच वाक्य मूळ लेखात आहे आणि मला ते दोन दिवस कळत नव्हतं! .४४ मॅग्नम काडतुसासारख्या दणक्याला म्हणून दोनाऐवजी तीन कड्या लावा, असंही तो म्हणतो. आता शेवटचं: ‘झिरो करणे’. मी ‘शून्य करणे’ लिहिलंय.

भोसरीचे लेथवाले काका
शून्य केलं म्हणजे संपवलं. आमच्याकडे ‘झिरो घेतात’. मशीनला कुठून मोजायचं ते दाखवून देतात. आणि धक्का लागला की ‘झिरो गेला’.

बालेवाडीची ताई
एका ठरावीक अंतरावर ठिपका आणि गोळी एकाच जागी पडतील असं जुळवणं. ‘नेम जुळवणे’ लिहा. पण रेंजवर विचाराल तर काकांसारखंच, झिरो घेतला का?

पेठकर भाषांतरकार
ठरलं. मथळ्यात ‘ऑप्टिक’ला ‘नेमाची काच’, पुढे जागेप्रमाणे दुर्बीण नाहीतर लाल ठिपका. ‘बैठक आवळताना काच पुढे दाबून धरा, मग ५० मीटरवर झिरो घ्या’ असं वाक्य आत्ताच बाईंना पाठवलं. त्यांचा शेरा आलासुद्धा: ‘बैठक कुणाची?’