मदत हवी आहे: कुत्र्याच्या पाठीवर काळ्या पुटकुळ्या, काय लावू?

मोगरा०७
बिट्टूच्या पाठीवर दोन आठवड्यांपासून काळे ठिपके आणि पुटकुळ्या आल्यात. हात फिरवला की खरखरीत लागतं. व्हेटची वेळ थेट गुरुवारची मिळाली आहे. तोपर्यंत काय लावू? घरात कॅलामाइन आणि मुलीचं सनस्क्रीन आहे, त्यातलं काही चालेल का? प्लीज लवकर सांगा, रात्रभर अंग घासत बसतो.

घाटवाट
पिसवांची घाण असेल. ते ठिपके ओल्या टिश्यूवर घासा, लालसर डाग पडला तर पिसवाच. आणि केस बाजूला करून नीट फोटो टाका.

मोगरा०७
केस बाजूला कुठले करू? केस नाहीतच. टिश्यू करून बघितला, लाल काही नाही.

सह्यगिरी
केस गेलेत म्हणजे खरूज! आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचं असंच झालं होतं. किडे मारणाऱ्या आयव्हरमेक्टिनच्या दोन इंजेक्शनांत खणखणीत बरा झाला.

घाटवाट
सह्यगिरी, न बघता इंजेक्शन सुचवू नका हो. कोलीसारख्या काही जातींना त्याचा जास्त डोस जिवावर बेततो.

मोगरा०७
केस गेलेले नाहीत, जन्मापासून नाहीत! चायनीज क्रेस्टेड आहे. डोक्यावर तुरा, पायांना मोज्यांसारखे केस, शेपटीला झुपका, बाकी नुसती कातडी. मला वाटलं फोटोवरून कळेल, पण फोटो चढलाच नाही वाटतं.

तुरेवाला
हे आधी सांगायचं ना! माझ्याकडे ह्याच जातीची कुत्री नऊ वर्षं आहे. हे बहुतेक ब्लॅकहेड्स आहेत, माणसाच्या नाकावर येतात तसे. ह्या कुत्र्यांच्या कातडीत अर्धवट वाढलेली केसांची मुळं असतात, ती तेला-मळाने बुजतात. नखाने दाबून काढू नका, पिकतात.
कॅलामाइन नको, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीनही नको. तो अंग चाटणार. झिंक पोटात जात राहिलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात.
आता सांगा: वय किती? कुठे राहता? अंघोळ किती दिवसांनी? अंगाला सध्या काय लावता?

कोकणकन्या
शुद्ध खोबरेल लावा. आमच्याकडे बाळापासून म्हशीपर्यंत सगळ्यांना तेच. केमिकलपेक्षा शंभर पटीने बरं.

तुरेवाला
कोरड्या कातडीवर थेंबभर ठीक. बुजलेल्या छिद्रांवर तेल म्हणजे वर आणखी एक बूच. आमच्या कुत्रीला मीच लावून बसलो होतो, पाठ निस्तरायला तीन महिने गेले.

कोकणकन्या
तेल भेसळीचं असणार. घाण्याचं लावून बघा.

दूरदेशी
मूळ चीनचा असेल तर हवा मानवत नसेल. आणि दातही बघून घ्या, अशा कुत्र्यांना दात कमी असतात म्हणे.

तुरेवाला
दातांचं बरोबर आहे. केस नसण्याचा आणि दात कमी असण्याचा जीन एकच, फॉक्सआय३. २००८ साली तो सापडला. मेक्सिकोच्या आणि पेरूच्या बिनकेसांच्या कुत्र्यांतही तोच बदल आहे, म्हणून नावात चीन असलं तरी मूळ तिथलंच असं धरता येत नाही. पण मोगरा, माझ्या प्रश्नांची उत्तरं?

मोगरा०७
सॉरी, ऑफिसात होते. वय दोन वर्षं, आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, सध्या हीटर चोवीस तास चालू. आई सांगलीहून आली आहे सहा महिन्यांसाठी. ती त्याला रोज सकाळी खोबरेल चोळून डाळीच्या पिठाने अंघोळ घालते, अगदी माझ्या मुलीला घालायची तशी. रात्री परत तेल. वरून तिने विणलेला लोकरीचा स्वेटर. हे सांगायचं सुचलंच नाही, रोजचंच आहे ना.

तुरेवाला
सापडलं बघा! तेल आणि पीठ आजपासून बंद. गुरुवारपर्यंत एकदाच कोमट पाण्याने, कुत्र्यांच्या बिनवासाच्या शाम्पूने धुवा आणि टिपून कोरडा करा. त्याच्या खोलीत हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर लावा. लोकर थेट कातडीला लागू देऊ नका. तरी व्हेटला कातडी खरवडून तपासायला सांगा, डेमोडेक्सचे किडे नाहीत ना ते कळेल, त्यांनीही एक प्रकारची खरूज होते.

सह्यगिरी
म्हणजे मी म्हणत होतो ते अगदीच चूक नव्हतं.

दूरदेशी
भारतात नेताना विमानात केबिनमध्ये घेतात का हो ह्यांना?

मोगरा०७
आज व्हेटकडे जाऊन आलो. किडे नाहीत, ब्लॅकहेड्सच. कुत्र्यांसाठीचा बेंझॉइल पेरॉक्साइडचा शाम्पू दिलाय, आठवड्यातून दोनदा, फेस दहा मिनिटं ठेवून धुवायचा. तुरेवाला, खूप खूप आभार. पण आई हिरमुसली आहे. स्वेटरला तिला दीड महिना लागला होता, तो आता घालायचाच नाही का?

कोकणकन्या
घाला की! जुन्या मऊ सुती साडीचं अस्तर लावायला सांगा आईंना, शिवण बाहेरच्या बाजूला. आमची आजी बाळाच्या लोकरी झबल्यांना तसंच लावायची.

तुरेवाला
हे मात्र मी पण करणार. काखेपाशी सैल ठेवा, तिथे आधी घासतं.