विज्ञानकथांची कार्टून्स: सहा आणि दहा वर्षांच्या मुलांना काय दाखवावं, काय नको?

कोकणकडा

घरात मुलगा दहाचा, मुलगी सहाची आणि टीव्ही एकच. त्यामुळे एकासाठी लावलेलं दोघंही बघतात. मुलाला अवकाशयानं आणि यंत्रमानव यांची फार ओढ आहे. त्याच्या यादीत सध्या 'स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स', 'स्टार ट्रेक'ची कार्टून्स आणि जपानी महाकाय रोबोंच्या एकदोन मालिका आहेत. "कार्टूनच तर आहे, बघू देत" असं घरातल्या मोठ्यांचं मत.

विचारायचं हे की या मालिका खरंच मुलांसाठी केलेल्या असतात का? प्लॅटफॉर्मवर लिहिलेल्या वयावर कितपत विसंबावं? सगळं आधी स्वतः बघायला वेळ नसेल तर निदान काय तपासावं? सीझन आणि भागांचे आकडे देऊन सांगितलंत तर फार मदत होईल.

दुर्बीण

चित्र काढून गोष्ट सांगितली एवढ्यावरून ती कुठल्या वयासाठी आहे हे कळत नाही. तुमच्याच यादीतलं 'स्टार ट्रेक' घ्या. त्याच विश्वातली ही तीन कार्टून्स बघा. पहिलं १९७३-७४ सालचं, २२ भागांचं. दुसरं 'लोअर डेक्स', २०२० ते २०२४. ते मोठ्यांसाठीच आहे: पहिल्याच भागात जहाजावर साथ पसरते आणि लोक पिसाळून एकमेकांना चावू लागतात, शिव्या 'बीप' करून ऐकवल्या जातात. तिसरं 'प्रॉडिजी', २०२१ पासूनचं, प्रत्येकी २० भागांचे दोन सीझन. हे मुलांच्या चॅनेलसाठी बनलं. पोस्टरवरून 'लोअर डेक्स' आणि 'प्रॉडिजी' यांतलं मुलांचं कुठलं हे सांगा म्हटलं तर निम्मे लोक चुकतील, कारण रंगीत आणि गोलमटोल चेहरे 'लोअर डेक्स'मध्येच जास्त आहेत.

तुमच्या मुलासाठी 'प्रॉडिजी'पासून सुरुवात करा. तुरुंगातल्या खाणीत राबणारी वेगवेगळ्या ग्रहांवरची मुलं एक सोडून दिलेलं यान घेऊन पळतात. पहिल्याच भागात एक सुंदर गोष्ट आहे. कैद्यांनी एकजूट करू नये म्हणून त्यांना एकमेकांची भाषा कळू दिलेली नसते, आणि यानावरचं भाषांतराचं यंत्र सुरू झाल्यावर ती पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात. रॉक-टाक नावाचा दगडासारखा धिप्पाड प्राणी म्हणजे प्रत्यक्षात आठ वर्षांची मुलगी आहे, हेही तेव्हाच उलगडतं. दहा वर्षांच्या मुलाशी यावर पुष्कळ बोलता येतं. पहिल्या सीझनचे चौथा आणि पाचवा भाग मात्र धाकटीला दाखवू नका. त्यांत मनातली इच्छा ओळखून तिचं सोंग घेणारा, माणसांना गिळू पाहणारा ग्रह आहे, आणि एक बाप मुलीला संकटात सोडून यानामागे जातो.

'क्लोन वॉर्स'ला मात्र एकच शिक्का मारता येत नाही. सात सीझन, १३३ भाग, प्रत्येक साधारण २२ मिनिटांचा. अमेरिकेत 'टीव्ही-पीजी', म्हणजे पालकांनी लक्ष ठेवावं असा वर्ग. पण तो वर्ग अख्ख्या मालिकेचा, आणि भागाभागांत जमीनअस्मानाचा फरक. पहिल्या सीझनचा पहिला भाग, योडा या बुटक्या म्हाताऱ्या गुरूचा, कोणीही बघावा. सहावा-सातवा भाग हरवलेल्या आर-टू-डी-टू रोबोचा शोध, तेही ठीक. तेरावा-चौदावा तर मुद्दाम दाखवा: शस्त्र हाती धरायचंच नाही असं ठरवलेल्या गावावर फौज चालून येते आणि गावातच वाद होतो. पाचव्या भागात नवखे क्लोन सैनिक, म्हणजे एकाच माणसाच्या हुबेहूब प्रती करून बनवलेले सैनिक, मरतात. गोष्ट उत्तम आहे, पण आठ वर्षांच्या आत नको.

दुसऱ्या सीझनचे सातवा आणि आठवा भाग अजिबात नकोत. मेलेले किडे उठून चालतात आणि नाकातून मेंदूत शिरणाऱ्या अळ्या माणसांचा ताबा घेतात. चौथ्या सीझनचे ७ ते १० हे भाग मला वाटतं मालिकेतले सर्वांत चांगले. सेनापती स्वतःच्याच सैनिकांना फसवून एकमेकांवर गोळ्या झाडायला लावतो, हुकूम कुठवर पाळायचा हा त्यातला प्रश्न. पण ते बारा-तेराव्या वर्षी. सहाव्या सीझनची सुरुवात आणि सातव्याचा शेवटही तेव्हाच. पाचव्यातले ६ ते ९, जेडाय (म्हणजे प्रकाशाच्या तलवारीने लढणारे योद्धे) होऊ पाहणारी मुलं तलवारीसाठी आपापला स्फटिक शोधायला जातात ते, दहा वर्षांच्या मुलाला आवडतीलच.

भाग क्रमाने लागत नाहीत, हेही लक्षात ठेवा. कथेच्या काळानुसार सर्वांत आधीचा भाग दुसऱ्या सीझनचा सोळावा आहे. म्हणजे भाग निवडून दाखवले तर मुलाचं फारसं काही चुकत नाही, कारण गोष्टी दोन ते चार भागांत पुऱ्या होतात. फक्त सलग गोष्ट मधूनच तोडू नका. भयंकर प्रसंगानंतरची सोडवणूक न बघता टीव्ही बंद केला तर मुलाच्या मनात तेवढं भयंकरच उरतं.

शिरीषकळी

दुर्बीण यांची भागांची यादी योग्य आहे. पण सहा आणि दहा या वयांना भीती वेगवेगळ्या गोष्टींची वाटते, हे मांडल्याशिवाय ती अपुरी राहील.

सात-आठ वर्षांखालचं मूल दिसण्याला घाबरतं. चेहरा बदलणं, माणसाचा राक्षस होणं, ओळखीच्या माणसाचे डोळे अचानक लाल होणं. अमेरिकेतल्या जोआन कँटर यांनी १९८०च्या दशकात याचा अभ्यास केला तेव्हा 'हल्क'च्या मालिकेत लहान मुलं सर्वांत जास्त घाबरली ती साधा माणूस हिरवा होताना. वास्तविक तो हिरवा झाल्यावर लोकांना वाचवतो! मोठ्या मुलांना तो बदल समजला, त्यांना काही वाटलं नाही. विज्ञानकथांची कार्टून्स अशा रूपांतरांनी भरलेली असतात, म्हणून रक्ताचा थेंब नसलेला भागही सहा वर्षांच्या मुलीला जड जातो.

दहाच्या आसपास भीती पालटते. आता 'हे होऊ शकेल का?' हा प्रश्न येतो. आईवडील न परतणं, साथ, युद्ध, यंत्रांनी माणसांचा ताबा घेणं. चित्र कितीही गोंडस असलं तरी ही भीती कमी होत नाही.

त्यामुळे समजूतही वेगळी काढावी लागते. "हे खोटं आहे गं" हे वाक्य सहा वर्षांच्या मुलीला फारसं उपयोगी पडत नाही. टीव्ही थांबवा, तिला मांडीवर घ्या, पाणी द्या, आवडतं खेळणं हातात द्या. दहाच्या मुलाशी मात्र बोलावं लागतं: हे घडणं शक्य आहे का, का नाही, घडलं तर कोण काय करेल. त्याला नुसतं "घाबरू नको" म्हणून पुरत नाही.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. मरण दाखवलं म्हणून भाग टाळू नये. १९७३च्या 'स्टार ट्रेक' कार्टूनमध्ये स्पॉक या मुख्य पात्राच्या बालपणाचा एक भाग आहे, डी. सी. फोंटाना यांनी लिहिलेला. त्यात त्याचं पाळलेलं जनावर त्याला वाचवताना जबर जखमी होतं, आणि त्याला तडफडत जगवायचं की शांतपणे जाऊ द्यायचं हे त्या मुलाला ठरवावं लागतं. शनिवार सकाळच्या मुलांच्या कार्यक्रमात हे नको असं वाहिनीतल्या लोकांना वाटत होतं, पण तो भाग तसाच राहिला. जपानमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या 'ॲस्ट्रो बॉय'ची सुरुवातच शास्त्रज्ञाच्या मुलाच्या अपघाती मृत्यूने होते. मरण कळावं असं दाखवलं असेल, मागे राहिलेल्यांचं दुःख दिसत असेल, तर आठ-नऊ वर्षांचं मूल ते पेलतं. मला जास्त काळजी वाटते ती मरण मोजलंच जात नाही अशा भागांची.

पिन_चार_आकडी

रेटिंगबद्दल. आपल्याकडे २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवर पाच वर्ग आहेत: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलूप देणं बंधनकारक आहे. पण हा वर्ग प्लॅटफॉर्म स्वतःच ठरवतो, सिनेमासारखं कुठलं मंडळ आधी बघत नाही. वर्गाशेजारी हिंसा, भाषा, भीती असे शब्द असतात, ते वाचा. '७+, हिंसा' आणि '७+, भीतीदायक दृश्यं' यांत तुमच्या मुलीच्या दृष्टीने दुसरं जास्त महत्त्वाचं. अमेरिकी वर्ग दिसला तर 'वाय७-एफव्ही' म्हणजे सात वर्षांवरच्यांसाठी, काल्पनिक मारामारी जरा जास्त असलेलं.

कुलूप लावताना नेहमी होणारी चूक म्हणजे मुलांच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा घालायची आणि मोठ्यांचं प्रोफाइल उघडं ठेवायचं. मूल सरळ दुसऱ्या चेहऱ्यावर टिचकी मारतं. म्हणून आधी मोठ्यांच्या सगळ्या प्रोफाइलना चार आकडी पिन लावा, मग दोन मुलांची दोन वेगळी प्रोफाइल करा. नेटफ्लिक्सवर एखादी मालिका नावाने बंद करता येते, ते फोनवरच्या ॲपमध्ये न शोधता ब्राउझरमधून अकाउंट उघडून करा. तिथेच पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. भाग निवडून दाखवायचे असतील तर ही पायरी सोडून चालणारच नाही, नाहीतर 'क्लोन वॉर्स'च्या दुसऱ्या सीझनमध्ये सहाव्या भागानंतर नको असलेला सातवा आपोआप लागेल. पाहिलेल्या भागांची यादीही तिथेच मिळते.

यूट्यूबवरच्या तुकड्यांना यातलं काहीच लागू नाही. मालिकांतले सर्वांत हिंसक दोन मिनिटांचे प्रसंगच तिथे कापून टाकलेले असतात. धाकटीसाठी यूट्यूब किड्समध्ये 'फक्त मी मंजूर केलेलं' हा पर्याय निवडा.

कोकणकडा

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका. जपानी रोबो मालिकांबद्दल कोणी सांगेल का? मुलगा म्हणतो, नायक चौदा वर्षांचा आहे, म्हणजे मुलांचीच असणार. आणि सबटायटल्स वाचत बघणं दहाव्या वर्षी जमतं का?

गच्चीवरचा_अँटेना

नायकाच्या वयावर मुळीच जाऊ नका. चौदा वर्षांचा नायक म्हणजे बहुधा 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन'. १९९५-९६, २६ भाग. जपानमध्ये ती संध्याकाळी साडेसहाला लागायची, पण उत्तरार्धात ती जवळजवळ संपूर्णपणे नैराश्य, स्वतःबद्दलचा तिरस्कार आणि मनाची पडझड यांच्याबद्दल आहे, लैंगिक प्रसंगही आहेत. सुरुवातीचे भाग रोबो आणि राक्षसांच्या झुंजीचे असल्याने दोन-तीन भाग बघून 'ठीक आहे' म्हणणारे पालक इथेच फसतात. सोळाच्या आत नको. म्हणूनच कुठलीही मालिका तपासताना पहिला भाग, मधला एक आणि शेवटून दुसरा असे तीन बघा. तासाभरात काम होतं.

१९७९ची 'मोबाइल सूट गंडम', ४३ भाग, ही खेळण्यांमुळे मुलांची वाटते. पण युद्धात निम्मी मानवजात मेली हे सुरुवातीच्या निवेदनातच सांगतात, आणि पहिल्याच भागात नायकाच्या मैत्रिणीची आई आणि आजोबा मरतात. प्रामाणिक मालिका आहे, बाराव्या वर्षानंतर सोबत बसून बघावी. रोबोच हवे असतील तर 'व्होल्ट्रॉन: लेजेंडरी डिफेंडर', तिचा वर्ग वाय७-एफव्ही, दहाला चालेल.

सबटायटल्स: मराठी माध्यमातलं मूल असेल तर इंग्रजी ओळी वाचताना चित्र निसटतं. डबिंग घ्या. फक्त डबिंगमध्ये भाषा सौम्य झाली तरी दृश्यं तीच राहतात, म्हणून हिंदी डब ऐकून वय ठरवू नका.

धाकटीला वेगळ्या वेळी 'रेडी जेट गो!' लावा. २०१६ची, तीन ते आठ वर्षांसाठीची, सूर्यमालेवर. त्यात एमी मेंझर या खऱ्या खगोलशास्त्रज्ञ येऊन समजावतात.

वीजतंतू

एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती प्रकाशाची. १६ डिसेंबर १९९७ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात संगणकाच्या आतल्या जगातला स्फोट दाखवताना लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा लुकलुकला आणि जवळपास ६८५ मुलांना इस्पितळात न्यावं लागलं. बहुतेकांना आधी कधी झटका आलेला नव्हता. मालिका चार महिने बंद होती, तो भाग पुन्हा कधीच लागला नाही. पुढे तिथल्या नियमांत लुकलुक सेकंदाला तीनपेक्षा जास्त नको असं आलं. जुन्या मालिकांना आणि यूट्यूबवरच्या तुकड्यांना तो नियम लागलेला असेलच असं नाही, आणि अवकाशातल्या लढायांत अशी दृश्यं ठासून भरलेली असतात.

खोलीत दिवा चालू ठेवा, टीव्हीपासून लांब बसवा, पडद्याचा उजेड कमी करा. लुकलुक सुरू झाल्यावर मुलाला त्रास होतोय असं वाटलं तर दोन्ही डोळे मिटायला सांगू नका, पापणीतून लाल प्रकाश आत जातोच. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा. घरात कोणाला अपस्मार असेल तर मालिका लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुर्बीण

शिरीषकळी यांच्या 'मोजलं न जाणारं मरण' या मुद्द्याला जोडून. 'क्लोन वॉर्स'मध्ये ड्रॉइड, म्हणजे रोबो, सैनिक शेकड्याने कापले जातात आणि त्यांच्या बोलण्यावर हशा असतो. यंत्र कापलं तर रक्त नाही, म्हणून बालवर्गाच्या कार्यक्रमांना ते खपतं. पण तेच ड्रॉइड घाबरतात, कुरकुरतात, जीव वाचवायला पळतात. दहा वर्षांच्या मुलाला एकच विचारा: आर-टू-डी-टू हरवला तर दोन भाग त्याचा शोध घेतात, मग या बाकीच्यांचं काय? पहिल्या सीझनचा सहावा-सातवा भाग झाल्यावर विचारा, तेव्हा प्रश्न त्याला नेमका लागेल.

आणि वेळ: भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला पाच ते दहा वर्षांसाठी दिवसाला दोन तासांच्या आत, सगळे पडदे धरून. शाळेचा अभ्यास मोबाइलवर होत असेल तर तोही त्यातच धरा, म्हणजे एका दिवशी 'क्लोन वॉर्स'चे दोन भाग पुरे. रात्री झोपण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम म्हणून त्यातला एकही नको.