भरलेली बादली आणि दीड वर्षाचा मुलगा

प्रश्न : वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात आम्ही राहतो. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असल्याने मोरीत बादल्या भरलेल्याच असतात. काल मुलगा बादलीवर ओणवा होऊन तळाचा तांब्या काढू पाहत होता. माझ्या काळजाचे पाणी झाले. काय करावे?

उत्तर : ताई, या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे तोल गेलेले मूल बादलीतून स्वतःहून वर येऊ शकत नाही आणि बुडताना बहुधा ओरडतही नाही. मोरीच्या दाराला उंचावर कडी लावा, रिकाम्या बादल्या पालथ्या घाला.

उत्तर : मुले मोठी झाली की तलावाची काळजी सुरू होते. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्यातल्याच हरणी तलावात बोट उलटून 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका गेल्या. लाइफ जॅकेट काहींच्याच अंगावर होते. जॅकेटचे पट्टे स्वतः आवळल्याशिवाय मी नातीला बोटीत बसू देत नाही.

उत्तर : मी परिचारिका आहे. बुडालेल्या मुलाला उलटे टांगू नका, पोटही दाबू नका. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास हा क्रम चालू ठेवा. दुसऱ्याने तोवर 108 ला फोन करावा.

प्रश्नकर्ती : सुताराला आजच बोलावले आहे.