ॲसिडने आक्रसलेली अन्ननलिका: मेटल स्टेंट घालावा का?

प्रश्न: टॉयलेट क्लीनर प्यायल्यामुळे दातांपासून २६ ते ३० सेंमीदरम्यान अरुंदी. दर १५ दिवसांनी फुग्याने रुंदावलं. पाच वेळा करूनही १२ मिमीपुढे जात नाही, दोन आठवड्यांत परत ८ मिमी. बायोप्सीत कॅन्सर नाही. स्टेंट (अन्ननलिका उघडी ठेवणारी धातूच्या जाळीची नळी) घालावा का? कोणता, किती दिवस?

उत्तर १: दोन आठवड्यांच्या अंतराने पाच प्रयत्न होऊनही १४ मिमी गाठलं नाही, म्हणजे ही दाद न देणारी अरुंदी. तरी लगेच स्टेंट नको. आधी ट्रायमसिनोलोन (स्टेरॉइड) टोचून बघा: व्रणाच्या चारही बाजूंना अर्धा-अर्धा मिली, एकूण ४० ते ८० मिलिग्रॅम, आणि लगोलग फुगा. तेही फसलं तर स्टेंट, पण पूर्ण आवरणाचाच, म्हणजे सगळी जाळी पातळ पडद्याने झाकलेला. उघड्या जाळीतून मांस आत वाढतं आणि स्टेंट भिंतीत रुततो. ४ सेंमीच्या अरुंदीला दोन्हीकडे २-२ सेंमी धरून किमान ८ सेंमीचा, १८-२० मिमी रुंद. विणलेला स्टेंट उघडताना आखूड होतो, ती घट आधीच हिशेबात घ्या. सहा ते आठ आठवड्यांत काढाच. १२ आठवडे ही टोकाची मर्यादा.

उत्तर २: खरी डोकेदुखी स्टेंट घसरण्याची. कॅन्सरची गाठ असेल तर ती स्टेंटला धरून ठेवते. इथे पकडायला फक्त अरुंद जागा, वर आवरण गुळगुळीत. म्हणून घालण्याच्या दिवशी फार रुंदावू नका, डिलिव्हरी सिस्टिम (स्टेंट आत नेणारी बारीक नळी) जाईल इतकंच. वरच्या कडेला ओव्हर-द-स्कोप क्लिप (दुर्बिणीच्या टोकावरून लावायचा, स्टेंट भिंतीला धरून ठेवणारा चिमटा) लावली तर बरं. काढताना वरच्या कडेचा दोरा रॅट-टूथ फोर्सेप्सने (दातेरी चिमट्याने) धरून ओढा. स्टेंटचं तोंड मिटतं, मग सावकाश बाहेर. अडकला तर हिसका मुळीच नको, भिंत फाटते. अडकलेल्या स्टेंटच्या आत तेवढाच किंवा किंचित मोठा, पूर्ण आवरणाचा दुसरा स्टेंट घाला. दाबाने वाढलेलं मांस झडतं आणि १०-१४ दिवसांत दोन्ही निघतात.

उत्तर ३: स्टेंट घातल्यानंतरच्या जेवणाचं घरच्यांना नीट समजावून सांगा. पहिला दिवस पातळ पदार्थ, मग पेज, मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी. शेवगा, गवार, संत्र्याचा चोथा, मटणाचे धागे बंद. दोन घासांमागे घोटभर पाणी. छातीत कळ येणं, रक्ताची उलटी किंवा गिळताना ठसका लागणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं.

उत्तर १ (पुन्हा): ॲसिडच्या व्रणात स्टेंट काढल्यावर अरुंदी बऱ्याचदा परतते, हे पेशंटला आधीच सांगा. तसं झालं तर स्टेंटवर स्टेंट घालत बसू नका. मोठ्या आतड्याने किंवा जठराने नवी अन्ननलिका करणाऱ्या सर्जनकडे वेळीच पाठवा. तोवर वजन घटू देऊ नका, गरज पडल्यास जेजुनोस्टॉमीतून (पोटावरून थेट लहान आतड्यात घातलेल्या नळीतून) अन्न द्या.