आठवीच्या वर्गात 'तो' तास, सही करू का नको?

धुऱ्यावरचा_माणूस:
नमस्कार मंडळी. पोरगी आठवीत हाय, जिल्हा परिषदेच्या शाळेत. परवा दप्तरातून कागद काढून देल्ला, पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) लोक येऊन पोरापोरींले वयात येण्याबद्दल सांगणार म्हणे, पालकाची सही पायजे. बायको म्हणते काही गरज नाही, तिचं पाहाले मी हाय. मंग तिले काय सांगतलं तू, असं इचारलं तं म्हणे वेळ आली की सांगीन. पोरीची पाळी सुरू होऊन सहा महिने झाले, आता अजून कोणती वेळ येणार हाय? पण खरं सांगू, सही करायची माहीबी हिंमत होऊन नाही रायली, वर्गात पोट्टेही बसतात ना बाप्पा. आपल्याले नाही म्हणता येते का?

कपाशी_तूर:
नाहीच म्हणा. 2007 मध्ये तं सरकारनंच हे लैंगिक शिक्षण राज्यात बंद केलं होतं, त्यातल्या चित्रांवरून किती ओरड झाली होती आठवते का. हे घरात सांगायच्या गोष्टी हायेत. अन् तास झाल्यावर पोट्टे खिदळतात, भोगाव लागते पोरींले.

गावची_आशाताई:
कपाशीभाऊ, घरात सांगते कोण? मागच्या वर्षी एका घरी गेली तं पोरीनं पाळीचा कपडा तुराट्याच्या ढिगात लपवून वाळवलेला, ओलाच. इन्फेक्शन झालं, खाजवून खाजवून रक्त निघे, पंधरा दिवस कोणाले बोलली नाही. माय बाजूच्याच खोलीत! हे आजचं नाही. डॉ. राणीताई बंगांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बाया तपासल्या होत्या, 1989 मध्ये छापून आलं, शंभरातल्या 92 बायांले स्त्रीरोग निघाले, अन् आधी तपासणी झालेल्या फक्त 8. लाजेनं अंगावर काढलं सगळं. पोट्ट्यांचं म्हणाल तं ते मोबाइलवर काय पायतात ते इथं लिहिता येत नाही.

खडू_फळा:
मी विज्ञान शिकवतो. दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये प्रजननाचा धडा आहेच, बोर्डात प्रश्नही येतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तो 'घरून वाचून या' म्हणून सोडला होता, मागच्या बाकावर हशा झाला आणि माझेच कान लाल, त्यामुळे मास्तरांबद्दल फार बोलत नाही. पण पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, तरी सांगा हो मुलांना. 18 च्या खालच्या मुलीसोबत पळून गेलेला पोरगा 'ती राजी होती' म्हणत राहतो, कायद्यात ते चालत नाही, हे त्याला ठाण्यात बसल्यावर समजतं. आणि धुऱ्यावाले भाऊ, सही नंतर करा, आधी शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिच्यात 75 टक्के पालकच असतात, निम्म्या बाया. काय सांगणार, कोण सांगणार, पोस्टर कोणते, सगळं पाहायला मागा. पोरापोरींना वेगळं बसवा म्हणा. हा तुमचा हक्कच आहे, तो कोणी वापरत नाही ही भानगड.

कपाशी_तूर:
वेगळं बसवत असतील अन् बाईच सांगत असेल तं ठीक हाय. पोस्टर मले पाह्यचे हायेत पण.

धुऱ्यावरचा_माणूस:
सगळं बायकोले वाचून दाखवलं. तुराट्याचं ऐकून गप झाली, मंग पोरीच्या खोलीत गेली, लय वेळ बाहेर नाही आली. आता म्हणते मी जातो मीटिंगले, तुम्ही कायले येता. शनिवारी हाय मीटिंग, अन् त्याच दिवशी वेचणीच्या बाया सांगून ठेवल्या. म्हणजे वावरात मीच.