आइसलँडची भूशास्त्र सहल आणि तिथले खाणे

प्रश्न: भूशास्त्राच्या पदवी वर्गाला जूनमध्ये आइसलँडला नेणार आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट मुलांनी पाहिलेला आहेच. तोच खडक आजही कसा जन्माला येतो, हे तिथे दाखवता येईल. मात्र निम्मे विद्यार्थी शाकाहारी आहेत. स्थानिक पदार्थांची चव अभ्यासाचा भाग करावी, की सरळ ठेपले बांधून न्यावेत?

उत्तर: ठेपले न्याच, कारण तिथे बाहेरचे खाणे फार महाग पडते. तरीही लाउगारवात्न या तळ्याकाठच्या गावातला राय धान्याचा काळसर, गोडसर पाव चुकवू नका. तळ्याकाठच्या गरम वाळूत पिठाचे भांडे पुरतात आणि सुमारे २४ तासांनी उकरून काढतात. फावड्याखालून वाफ उसळते तेव्हा भूऔष्णिक ऊर्जेवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. त्याच दिवशी थिंगवेट्लिरची दरी पाहावी, जिथे दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, वर्षाला सुमारे २ सेंटिमीटरने दूर सरकत आहेत.

उत्तर: स्किर हे तिथले दुधाचे खाणे आपल्या चक्क्यासारखे घट्ट असते आणि बहुतेकांना आवडते, परंतु ते करताना काही उत्पादक वासराच्या जठरातील रेनेट (दूध घट्ट करणारे द्रव्य) वापरतात, म्हणून कडक शाकाहारी मुलांनी वेष्टन वाचूनच घ्यावे. आंबवलेल्या शार्कचा आग्रह मात्र कोणालाही करू नये. अमोनियाचा तो दर्प मांसाहारी मुलांनाही झेपेलच असे नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. भूगर्भातील उष्णतेवर तापवलेल्या हरितगृहांतले टोमॅटोही यादीत घेतो. गुण मात्र नोंदवहीला देईन, चव घेण्याच्या धाडसाला नाही.